कडुबादादांचं कोपर आणि चौदाची लेन्स

"या देशाचं जे काही वाटोळं झालंय ते अरुंद दृष्टीमुळं झालंय," नानासाहेबांनी जाहीर केलं. "माणसाला किमान शंभर अंशांची दृष्टी पाहिजे. एकशेचार असली तर उत्तमच."

"पाय वर घ्या," त्यांच्या पत्नी रत्नमालाबाई म्हणाल्या. "पोचा मारायचाय."

नानासाहेबांनी पाय वर घेतले. एकशेचार अंशांचा माणूस सोफ्यावर मांडी घालून बसला आणि गारखेड्यातल्या त्या हॉलची फरशी या टोकापासून त्या टोकापर्यंत पुसून निघाली.

एकशेचार हा आकडा त्यांनी हवेतून काढलेला नव्हता. नानासाहेब छत्तीस वर्षं मोजणी खात्यात भूकरमापक होते. जिल्ह्यातली निम्मी शेतं त्यांनी पायाखाली घातली होती आणि उरलेली निम्मी त्यांच्या मोजणीवर हरकत घेऊन पुन्हा मोजायला लावली गेली होती. त्यांनी आयुष्यात अंदाजपंचे केलेली गोष्ट एकच, ती म्हणजे लग्न, आणि तोही अंदाज त्यांच्या वडिलांचा होता. निवृत्तीनंतर मोजायला काही उरलं नाही म्हणून ते पाच वर्षं जरा उदासच होते. तेवढ्यात कॅमेरा आला.

कॅमेरा त्यांच्या मुलीचा, मंजुषाचा. पुण्यात नोकरी लागल्यावर तिनं हौसेनं फुल फ्रेम कॅमेरा घेतला होता. म्हणजे ज्याच्या पोटातली चित्र टिपणारी पाटी जुन्या रोलच्या एका फोटोएवढी ऐसपैस असते, तो. मग तिला मुलगी झाली, हौस कपाटात गेली, आणि गेल्या उन्हाळ्यात कपाट आवरताना कॅमेरा वडिलांकडे आला. सोबत लेन्स एकच, पन्नासची. तिच्यात शेजाऱ्यांची जास्वंद फार छान यायची. शेजारी मात्र मावत नसत.

आणि दिवाळीच्या तोंडावर पाचोडहून आत्याबाईंचा फोन आला.

द्वारकाबाई ही नानासाहेबांची सख्खी आत्या. वय अठ्ठ्याऐंशी. नवरा गेल्यापासून माहेरीच राहते, एक शेळी पाळते आणि भावकीला धाकात ठेवते.

"नान्या, भाऊबीजेला समदे येतेत. माझ्या दारात एक फोटो काढ. घर बी दिसलं पायजे, या कोपऱ्यापून त्या कोपऱ्यापोत. अन् मोठा करून दे, भिंतीला लावायचाय. चार फुटाचा."

"काढतो की आत्याबाई. शेतात जाऊन काढू, मोकळी जागा..."

"शेत माझं हाय का? घर माझं हाय. दारातच काढ. अन् समदे म्हंजे समदे. कडुबा बी."

नानासाहेबांनी फोन या कानावरून त्या कानावर घेतला.

"ऐकू आलं का?"

"आलं."

"मग ठिवते. शेळी सुटली."

कडुबादादा म्हणजे नानासाहेबांचे चुलतभाऊ, चार वर्षांनी मोठे. त्यांचं घर आत्याबाईंच्या घरासमोरच. दोघांमध्ये सव्वीस वर्षं अबोला होता, आणि त्याचं कारण भावकीतल्या प्रत्येक घरात भिंतीवर टांगलेलं होतं.

सव्वीस वर्षांपूर्वी कडुबादादांच्या मुलीचं लग्न झालं. रोलच्या कॅमेऱ्यानं फोटो काढायला नानासाहेब होते. रोलमधला शेवटचा फोटो उरला तेव्हा सगळ्या घराण्याला मांडवापुढं उभं केलं, कडुबादादा पळत येऊन कडेला उभे राहिले, आणि नानासाहेबांनी खटका दाबला. रोल धुऊन आला. नवरा आला, नवरी आली, आचारी आला, मांडववाल्याचा एक अनोळखी माणूसही छान हसताना आला. मुलीच्या बापाचं मात्र एक कोपर आलं. कोपराच्या खाली मनगट, मनगटावर पट्ट्याचं घड्याळ, घड्याळात बाराला दहा कमी. फोटो इतका चांगला आला होता की सगळ्यांनी त्याच्या प्रती करून लावल्या. लहान पोरांना ओळखायला शिकवताना बायका बोट ठेवून सांगत, "हे कोण? हे कडुबा आजोबा."

कडुबादादांनी भांडण केलं नाही. नुसतं बोलणं थांबवलं. त्याच आठवड्यात त्यांनी आपल्या अंगणाला गल्लीच्या बाजूनं सात फूट उंचीचे पत्रे ठोकले. भावकीला काय समजायचं ते समजलं. घरातली बाकीची माणसं येत-जात होती, लग्नकार्याला जेवत होती, नानासाहेबांच्या पाया पडत होती. अबोला फक्त दोघांचा, आणि तो दोघांनीही नेमानं पाळला होता.

दुसऱ्या दिवशी नानासाहेब टेप घेऊन पाचोडला गेले.

आत्याबाईंच्या घराची दर्शनी भिंत सव्वीस फूट भरली. अबोल्याचीही वर्षं सव्वीस. फुटामागं एक, असं त्यांनी वहीच्या कडेला लिहिलं आणि खोडलं. मग ओट्याच्या कडेपासून समोरच्या पत्र्यापर्यंत टेप लावली. अकरा फूट. दोन वेळा मोजलं, तिसऱ्यांदा शेळी टेपवर उभी राहिली म्हणून मोजलं. अकराच.

पत्र्याला एका जागी नट निघून भोक पडलं होतं. त्या भोकात एक डोळा होता.

"आत्याबाई," डोळ्याखालून आवाज आला, "तुमच्या पाव्हण्याला इचारा, गल्लीची मोजणी कोणाच्या अर्जावर चाललीय?"

"त्यांना सांगा आत्याबाई," नानासाहेब टेप गुंडाळत म्हणाले, "मोजणी नाय. फोटोची तयारी हाय."

"पाव्हण्याला म्हणावं, फोटोला टेप लागती हे नवीनच. मागच्या टायमाला लावली असती तर बरं झालं असतं."

आत्याबाई ओट्यावर शेंगा फोडत होत्या. "मी काय टपालवाली हाय का रे?" त्या म्हणाल्या. "दोघं बी सत्तरीला टेकले. तोंड हायेत ना?"

डोळा गेला. पण नानासाहेबांच्या मनात एक गोष्ट राहिली: डोळा आधी बराच वेळ तिथं होता.

गारखेड्याला परतल्यावर त्यांनी कागदावर गणित मांडलं. पन्नासच्या लेन्सनं अकरा फुटांवरून आठ फूट मावत होते. म्हणजे आत्याबाई, दार आणि एखादा जावई. लेन्सचा आकडा जितका लहान तितकी ती रुंद; सव्वीस फूट मावायला किमान शंभर अंश पाहिजे होते, आणि एकशेचार देणाऱ्या लेन्सचा आकडा चौदा येत होता. अशा लेन्सला अल्ट्रा वाइड म्हणतात हे त्यांना त्याच संध्याकाळी कळलं आणि अरुंद दृष्टीविषयीचं मत दुसऱ्या दिवशी सकाळी तयार झालं.

"माझ्या मोबाइलमधी येतं की सगळं," रत्नमालाबाई म्हणाल्या. "ते पॉइंट फाइव्ह दाबलं की."

"येतं. पण चार फुटांचा करायला गेलीस की तोंडांचं पिठलं होतं. कडुबादादाचं एकदा कोपर झालंय. आता पिठलं झालं तर पुढची सव्वीस वर्षं मी नाय काढू शकत."

रत्नमालाबाईंनी नवऱ्याकडं पाहिलं. हा माणूस थट्टा करत नव्हता. "जास्त महाग घेऊ नका," एवढंच त्या म्हणाल्या.

पैठण गेटच्या मागच्या बोळात अझहरचं दुकान होतं. पस्तिशीचा अझहर कॅमेरे दुरुस्त करायचा आणि जुन्या लेन्स विकायचा. नानासाहेबांनी काउंटरवर नकाशा पसरला. घर, ओटा, गल्ली, पत्रा, सगळं मापात. ओट्यावर तीन ओळींत एकेचाळीस ठिपके, प्रत्येक ठिपक्याला नंबर.

अझहरनं नकाशा इकडून पाहिला, तिकडून पाहिला. "चच्चा, ये फोटो है या कोर्ट केस?"

"दोन्ही."

"खर्च किती करायचा?"

"कमीत कमी. पण सव्वीस फूट पाहिजे."

अझहर हसला, मागच्या कपाटातून चार डब्या काढून ओळीनं मांडल्या, आणि नानासाहेबांच्या अंगावर जो शहारा आला तो त्यांना शेवटचा कधी आला होता ते आठवेना. बहुधा नवीन मोजणी यंत्र खात्यात आलं तेव्हा.

पहिली सर्वांत स्वस्त होती. आकडाही भलता छोटा, अकरा. "चौदापेक्षा अकरा रुंद ना?" नानासाहेबांनी विचारलं.

"लावून बघा."

त्यांनी डोळा लावला. मधोमध दुकान गोल दिसत होतं आणि चारी बाजूंनी अंधार. विहिरीच्या तळाला बसून आभाळ बघावं तसं.

"ही छोट्या सेन्सरच्या कॅमेऱ्याची," अझहर म्हणाला. "तुमच्यावर बसती, पण तुमचा सेन्सर मोठा. उसका उजाला कोने तक पोहोचता नै. लोग सस्ती देखके ऑनलाइन मंगाते, फिर मेरेपास रोते आते."

नानासाहेबांनी नकाशात पाहिलं. अंधारात जाणारे ठिपके कडेचे होते. "नको," ते म्हणाले. "आमच्याकडं कडेच्या माणसाचं फार असतं."

दुसरी लेन्स फिश आय. तिच्यात सगळंच आलं: दुकान, अझहर, छत, नानासाहेबांचे स्वतःचे बूट. पण भिंती अशा वाकल्या की दुकानाचं टरबूज झालं.

"इसमें पूरा पाचोड आ जाता, चच्चा."

"येईल रे. पण छत्तीस वर्षं मी सरळ रेषा आखल्या. घर वाकलं की हद्द वाकली, अन् हद्द वाकली की भावकी तहसीलला जाती."

तिसरी मोठ्या कंपनीची, सोळा ते पस्तीसची झूम. देखणी, वजनदार, आवाज न करता फिरणारी. जुनी असून बत्तीस हजार. नानासाहेबांनी ती बराच वेळ हातात धरली, मग वहीत भागाकार केला. सोळाला अकरा फुटांवरून पावणेपंचवीस फूट. म्हणजे पंधरा इंच कमी. त्यांनी लेन्स मोठ्या समाधानानं खाली ठेवली. पैशाचा प्रश्नच नव्हता, प्रश्न पंधरा इंचांचा होता.

चौथी लेन्स दिसायला अगदीच गावठी. तिची पुढची काच बेडकाच्या डोळ्यासारखी फुगलेली, अंगावर दोन ओरखडे, आणि फोकस हातानं रिंग फिरवून लावायचा.

"चौदा," अझहर म्हणाला. "मशीन काही करणार नाही, सगळं तुम्ही करायचं. काच सांभाळा, पुढं फिल्टर लागत नै. आतलं छिद्र आठवर ठेवा, फोकस छे फुटावर, मग पुढचं मागचं सगळं साफ. साडेतेरा हजार, और चाय मेरी तरफ से."

नानासाहेबांनी रिंग फिरवली. तिच्यावर आकडे कोरलेले होते. एक, दीड, दोन, तीन, सहा. त्यांनी चष्मा वर करून पुन्हा पाहिलं.

"अझहर, हे फूट हायेत?"

"हाँ. एक लाइन मीटर, एक लाइन फूट."

झालं. ज्या वस्तूवर फूट लिहिलेले आहेत ती वस्तू नानासाहेब दुकानात ठेवून जाणं शक्यच नव्हतं. तरी खात्याची सवय म्हणून ते म्हणाले, "तपासून घेतो."

ते लेन्स लावून बोळाच्या तोंडाशी गेले. डाव्या कडेला केळ्यांचा गाडा आला, उजव्या कडेला रिक्षा. फोटो पाहिला आणि त्यांच्या भुवया वर गेल्या. मधला रस्ता सरळ, खांब सरळ, सगळं आज्ञेत. पण कडेची रिक्षा बसएवढी लांब झाली होती आणि केळी हातभर.

केळेवाल्यानं डोकावून पाहिलं. "ये मेरा माल नै है," तो ठामपणे म्हणाला.

"कडेवाला फैलता है, चच्चा," अझहर मागून म्हणाला. "एवढी रुंद सरळ लेन्स म्हणजे कडा ताणणारच. बीचवाला बारीक, कडेवाला दीडपट. उसका इलाज ये है, कडेला दुबले लोग खडे करो."

नानासाहेबांनी एकेचाळीस ठिपके मनातल्या मनात डोळ्यांपुढून नेले.

"आमच्या भावकीत दुबळं कोणी नाय," ते म्हणाले, आणि लेन्स घेतली.

घरापुढच्या मैदानात त्यांनी रांगोळीनं सव्वीस फुटांची रेघ मारली, टेप लावून बरोबर अकरा फुटांवर उभे राहिले आणि रेघेच्या कडेला रत्नमालाबाईंना उभं करून फोटो काढला. दोन्ही टोकं आली, वर दोन फूट शिल्लक राहिले. गणित चोख होतं. फोटो पाहून रत्नमालाबाई एवढंच म्हणाल्या, "ही कोण?" मग त्यांनी फोन उचलला आणि दुपारपर्यंत सगळ्या भावकीला बातमी गेली की नानांनी माणूस दीडपट करायचं यंत्र आणलंय आणि काहीही झालं तरी कडेला उभं राहायचं नाही.

भाऊबीजेच्या सकाळी दहाला पाचोडच्या त्या गल्लीत ऊन छान उतरलं होतं. आत्याबाई नवं लुगडं नेसून ओट्याच्या मधोमध खुर्चीवर बसल्या. बाकीच्यांनी त्यांच्याभोवती अशी गर्दी केली की सव्वीस फुटांच्या ओट्यावर मधल्या नऊ फुटांतच चाळीस माणसं झाली आणि दोन्ही कडा ओस पडल्या. पुतण्या गोकुळ, वजन एकशे आठ किलो, आत्याबाईंच्या खुर्चीमागं लपला होता.

"गोकुळ, कडेला सर."

"काका, मी हाये तेवढा बास हाये. दीडपट झालो तर ओटा पडंल."

"अरे नंबर दिलेत मी सगळ्यांना!"

"माझा नंबर नकाशात दुसऱ्याला द्या."

शेवटी आत्याबाईंनी काठी आपटली आणि माणसं कुरकुरत पसरली. उजव्या टोकाला कडुबादादांच्या पत्नी चतुराबाई उभ्या राहिल्या, कारण त्यांना कुणी बातमी सांगितली नव्हती. त्यांच्या पलीकडं एका माणसाची जागा मोकळी होती. नकाशातला एकेचाळिसावा ठिपका. समोर पत्रा, पत्र्याला भोक, भोकात डोळा.

नानासाहेबांनी तिकाटणं उभं केलं, कॅमेरा चढवला, त्याच्या मागं गेले, डोळा लावला. मग थोडे मागं सरले. पाठ पत्र्याला टेकली. अजून मागं सरले. पत्रा कुरकुरला.

दोन्ही टोकांची माणसं गायब होती.

त्यांनी पुन्हा पाहिलं. लेन्स पाहिली, आकडा पाहिला, चौदाच होता. मग खाली पाहिलं आणि त्यांच्या ध्यानात आलं. टेप ओट्यापासून पत्र्यापर्यंत मोजते. पत्रा आणि कॅमेरा यांच्यामध्ये कॅमेऱ्यामागचा माणूस उभा राहतो हे टेपला माहीत नसतं. मैदानात त्यांच्या मागं अख्खं मैदान होतं. इथं पत्रा होता. तिकाटण्याचे पाय, वाकलेलं अंग आणि निवृत्तीनंतर वाढलेलं पोट मिळून अडीच फूट. छत्तीस वर्षं जिल्ह्याची मोजणी केलेल्या माणसानं या मोजणीत स्वतःला धरलंच नव्हतं.

अडीच फुटांपायी कडेची पाच माणसं जात होती. सगळ्यांत आधी जाणार होती ती मोकळी जागा. ज्याच्यासाठी एवढं केलं तो माणूस आला असता तरी याही वेळी त्याचं कोपरच आलं असतं. किंबहुना तेही नाही.

"काय झालं रे नान्या?" आत्याबाई.

"थोडं मागं जायला पाहिजे."

"मग जा की."

"मागं पत्रा हाय."

पत्र्याला कोण हात लावणार? सव्वीस वर्षांत त्याला कुणी पाठही टेकवली नव्हती.

"पत्र्याला कोण घासतंय?" आतून आवाज आला. "आत्याबाई, सांगा, वाकंल तो."

"मी नाय सांगणार," आत्याबाई म्हणाल्या. "भाऊबीज हाय. आज माझं टपाल बंद."

आता पंचाईत झाली. दोघांमध्ये बोलायला कुणी उरलं नाही. तेवढ्यात शेळी तिकाटण्याच्या पायाशी येऊन उभी राहिली, आणि नानासाहेबांनी खाली वाकून तिलाच सांगितलं, "शेळे, त्यांना म्हणावं, अडीच फूट कमी पडतेत. माझीच चूक झाली. मोजताना मी मला धरलं नाय."

पलीकडून मग आवाज आला, "शेळे, त्याला इचार, छत्तीस वर्षं सरकारची मोजणी बी अशीच केली का?"

ओट्यावर गोकुळ फिसकन हसला. नानासाहेबांनी मान हलवली. "शेळे, म्हणावं, तव्हा पोट नव्हतं."

भोकातला डोळा तिथंच होता, आणि तो नानासाहेबांकडं नव्हे, त्या बेडकाच्या डोळ्यासारख्या काचेकडं बघत होता.

"शेळे," आवाज जरा खाली आला, "ते भिंगात दिसतं काय नेमकं? लोक म्हणतेत समदं घर मावतं?"

"म्हणावं, येऊन बघा."

आत पावलं वाजली, लोखंडाचा डबा उचकटल्याचा आवाज झाला, आणि पान्हा नटावर फिरू लागला. चार नट. चौथा गंजलेला होता, त्याला वेळ लागला. मग तीन फूट रुंदीचा तो पत्रा बाजूला झाला आणि धोतर-बनियनवरचे कडुबादादा पान्हा घेऊन त्या फटीत उभे राहिले.

त्यांनी नानासाहेबांकडं बघितलं नाही. नानासाहेबांनी तिकाटणं पत्र्याच्या रेषेवर सरकवलं आणि स्वतः फटीतून मागं गेले. कॅमेरा गल्लीत, नानासाहेब कडुबादादांच्या हद्दीत. मग बाजूला झाले. कडुबादादांनी वाकून डोळा लावला.

"आयला," ते शेळीला म्हणाले. मग त्यांनी कॅमेरा थोडा डावीकडं फिरवला, थोडा उजवीकडं. "नळ बी आला. बदामाचं झाड बी आलं. अन् ही चतुरा कामून एवढी रुंद झाली?"

"काय झालं वं?" चतुराबाई ओरडल्या.

"कडेचा माणूस पसरतो, दादा," नानासाहेब म्हणाले. म्हणाले आणि त्यांच्या लक्षात आलं की मध्ये शेळी नव्हती. ती केव्हाच फटीतून अंगणात गेली होती.

कडुबादादांनी डोळा काढला नाही. "किती पसरतो?"

"दीडपट. जवळजवळ."

"अन् एकदम कडेचा? चतुराच्या बी पलीकडं जो उभा राहील तो?"

"भरून दीडपट."

कडुबादादा सरळ झाले. त्यांनी पहिल्यांदा नानासाहेबांकडं पाहिलं, सव्वीस वर्षांनी, आणि मग त्या मोकळ्या जागेकडं.

"ती जागा माझी," ते म्हणाले. "पोरीच्या लग्नात अर्धा आलो. आज दीड येतो. दोन फोटोंत दोन झालो, मग काही बोलणं राहत नाय."

ते आत जाऊन सदरा, टोपी घालून आले आणि ताठ मानेनं टोकाला जाऊन उभे राहिले. जी कडा चाळीस माणसांनी नाकारली होती तिथं ते असे उभे होते की गोकुळला क्षणभर वाईट वाटलं, आपण उगीच सोडली.

"अन् तू?" आत्याबाई ओरडल्या. "तू बी यायचं. समदे म्हंजे समदे."

नानासाहेबांनी ही अडचणही मोजली होती. टायमर दहा सेकंदांचा. कडुबादादांच्या पलीकडं दोन फूट शिल्लक. त्यांनी आठवर ठेवलं, फोकस सहा फुटांवर, बटण दाबलं आणि निघाले. पण तिकाटण्याच्या बाजूनं फटीतून बाहेर पडायचं होतं, आणि पोटाचा हिशेब आजही चुकलेलाच होता. चार सेकंद तिथं गेले. उरलेल्या सहा सेकंदांत त्रेसष्ट वर्षांचा माणूस गल्ली ओलांडून तिरका धावला, ओट्यावर पाय ठेवला, कडुबादादांच्या शेजारी अंग नेलं, आणि खटका पडला.

सगळे कॅमेऱ्याभोवती जमले. फोटो स्वच्छ होता. घर या कोपऱ्यापासून त्या कोपऱ्यापर्यंत, रेषा सरळ, मध्ये मुगाएवढ्या आत्याबाई. उजव्या टोकाला कडुबादादा, छाती दाराएवढी, चेहऱ्यावर जमीनदाराचं समाधान. आणि त्यांच्या पलीकडं, फोटोच्या अगदी काठावर, एक कोपर. कोपराखाली मनगट, मनगटावर घड्याळ.

मग आत्याबाईंनी पडद्यावर बोट टेकवत टेकवत मोजलं. "एकेचाळीस," त्या म्हणाल्या, आणि बोट काठावर नेलं. "अन् हे नान्याचं घड्याळ. बेचाळीस. समदे हायेत."

"पुन्हा काढतो," नानासाहेब म्हणाले.

"नगं," कडुबादादा घाईनं म्हणाले. "लई बरोबर आलाय. असाच लाव."

दुपारी जेवणं झाली. दोघं भाऊ एका पंगतीत शेजारी बसले, आणि वाढणाऱ्या बायका मुद्दाम दोनदोनदा त्या बाजूला येऊन गेल्या. संध्याकाळी निघायच्या वेळी नानासाहेब तिकाटणं घ्यायला त्या फटीपाशी गेले. बाजूला काढून ठेवलेल्या पत्र्यावरून त्यांनी हलकेच हात फिरवला. कडुबादादा अंगणात खाटेवर बसले होते.

"दादा," नानासाहेब म्हणाले, "मी लई विचार केला. माणसाची दृष्टी रुंद पाहिजे. सव्वीस वर्षं या पत्र्यानं आपली दृष्टी अडवली. माझ्यावरच्या रागानं तुम्ही तो लावला, ते बरोबरच होतं. पण आज तुम्ही तो तुमच्या हातानं काढला. आता हा परत..."

"तुझ्यावरच्या रागानं?" कडुबादादांनी भुवया आक्रसल्या. "तू काय कढीपत्ता खातो व्हय?"

नानासाहेबांना कळेना. मग त्यांनी अंगणाच्या कोपऱ्यात पाहिलं. सकाळी फटीतून आत आलेली आत्याबाईंची शेळी तिथं शांतपणे रवंथ करत उभी होती, आणि तिच्या पुढ्यात पानं नसलेल्या काही काड्या जमिनीतून वर आलेल्या दिसत होत्या.

"हिच्या पणजीपून ही खोड हाय," कडुबादादा म्हणाले आणि खाटेखालचा पान्हा काढून त्यांनी पुढं केला. "हिला बाहेर काढ अन् जाताना तेवढा पत्रा लावून जा. चौथा नट जरा जोर लावून आवळ."